बाळ परदेशात जन्मलं, भारताच्या दप्तरी नोंद कशी?

या अंकातले सगळे प्रश्न एकाच विषयाभोवतीचे आहेत: आई-वडील भारतीय, बाळंतपण परदेशात, मग बाळाची भारताकडे नोंद कधी आणि कशी करायची? उत्तरांकडे वळण्याआधी कायद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

भारतीय नागरिकाचं मूल जगात कुठेही जन्मलं तरी भारतीयच, असा समज अजून घट्ट आहे. ३ डिसेंबर २००४ पासून तो खरा राहिलेला नाही. त्या दिवशी नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ मधली दुरुस्ती लागू झाली. तेव्हापासून परदेशात जन्मलेलं मूल, जन्माच्या वेळी आई किंवा वडील भारतीय नागरिक असले तरी, भारतीय वकिलातीत जन्माची नोंद झाल्यावरच भारतीय नागरिक ठरतं. ही नोंद जन्मापासून एका वर्षाच्या आत व्हायला हवी. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. स्थानिक सरकारने दिलेला जन्मदाखला हा फक्त जन्म झाल्याचा पुरावा आहे. नागरिकत्व त्याने मिळत नाही.

दुबईहून प्रश्न: आम्ही दोघंही भारतीय पासपोर्टधारक. मुलगी दोन महिन्यांची आहे. एक वर्षाची मुदत आहे, तर सुट्टीत पुण्याला गेल्यावर तिथेच पासपोर्ट काढला तर चालेल का?

चालणार नाही, आणि तुमच्यासाठी खरी मुदत एक वर्षाची नाहीच. अमिरातीत जन्मलेल्या बाळाचा रहिवासी व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो. त्यानंतर दिवसागणिक दंड लागतो, आणि व्हिसा नसताना बाळाला देशाबाहेर नेणंही अवघड होतं. व्हिसासाठी पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टसाठी भारतीय जन्मनोंद लागते. म्हणजे हातात जेमतेम चार महिने, त्यातले दोन गेले. शिवाय पुण्याला जायला विमानात बसतानाच बाळाचा पासपोर्ट लागेल.

क्रम असा ठेवा. हॉस्पिटलच्या सूचनेवरून जन्मदाखला काढा, तो अरबी आणि इंग्रजी दोन्हींत घ्या. दाखला हातात पडला की काउंटर सोडण्याआधी प्रत्येक अक्षर तुमच्या पासपोर्टशी ताडून पाहा. नावं अरबीत जाऊन पुन्हा इंग्रजीत येतात, त्यामुळे ‘शिंदे’, ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’ अशा नावांचं स्पेलिंग हमखास बदलतं. त्याच दिवशी दुरुस्ती मागितली तर ती सहज होते, पुढे तीच गोष्ट साक्षांकनासकट पुन्हा करावी लागते. मग अमिरातीच्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन घ्या.

यानंतर भारतीय बाजू. जन्मनोंदीचा अर्ज नागरिकत्व नियम, २००९ मधला फॉर्म १ असतो. तो गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरून त्याची प्रत सही करून द्यायची. पासपोर्टचा अर्ज वेगळा, पण बहुतेक ठिकाणी दोन्ही एकत्र स्वीकारतात. सोबत जन्मदाखला, दोघांचे पासपोर्ट व रहिवासी व्हिसा, लग्नाचा दाखला, आणि बाळाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांच्या सहीचं लेखी हमीपत्र. पासपोर्टसाठी अल्पवयीनांचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे आई-वडिलांचं घोषणापत्र, लागतं, त्यावरही दोघांच्या सह्या.

अर्ज परत येतात ते मात्र किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवरून. फोटोत बाळाचे डोळे मिटलेले असतात, किंवा डोकं धरलेला आईचा हात दिसतो. बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, सावली न पडू देता. सहीच्या चौकटीत बाळाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा, मुलगा असेल तर डाव्या आणि मुलगी असेल तर उजव्या अंगठ्याचा. बाळ झोपेत असताना घेतलेला ठसा स्वच्छ येतो. ठसा चौकटीबाहेर गेला की फॉर्म पुन्हा भरावा लागतो, म्हणून कोऱ्या छापील प्रती दोन-तीन जवळ ठेवा.

सिंगापूरहून प्रश्न: इथे जन्मनोंद करताना बाळाचं नाव कसं लिहावं? मधलं नाव वडिलांचं लावायचं की नाही, यावर घरात एकमत नाही.

हा प्रश्न बारीक वाटतो, पण पुढची वीस वर्षं त्रास द्यायची ताकद त्यात आहे, म्हणून जरा सविस्तर.

भारतीय पासपोर्टवर नावाचे दोनच रकाने असतात, दिलेलं नाव आणि आडनाव. मधल्या नावाला वेगळा रकाना नाही. वडिलांचं नाव लावायचं असेल तर ते पहिल्या रकान्यात बाळाच्या नावापुढे येतं: पहिल्यात ‘अन्वी रोहित’, दुसऱ्यात ‘देशपांडे’. वकिलात स्थानिक दाखल्यावर जे असेल तेच नाव पासपोर्टवर उतरवते. दाखल्यावर ‘अन्वी देशपांडे’ असेल आणि तुम्ही पासपोर्टवर ‘अन्वी रोहित देशपांडे’ मागितलं, तर ते नाव बदलल्यासारखं धरलं जातं.

आता महाराष्ट्रातली शाळा डोळ्यांसमोर आणा. प्रवेश, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सगळीकडे तिहेरी नाव लिहायची रीत आहे. उद्या तुम्ही परत आलात तर शाळेत ‘अन्वी रोहित देशपांडे’ आणि पासपोर्टवर ‘अन्वी देशपांडे’ अशी जोडी तयार होते. दहावी-बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी ती डोकं वर काढते आणि मग प्रतिज्ञापत्रं, राजपत्रातली जाहिरात असा फेरा सुरू होतो. दुसरीकडे, परदेशातच राहणार असाल तर ‘अन्वी रोहित’ हेच तिचं पहिलं नाव समजलं जाईल आणि वर्गात तिला ‘रोहित’ म्हणून हाक बसण्याचीही शक्यता आहे. दोन्ही मार्ग चालतात. आमचं मत विचाराल तर, परतण्याची थोडीही शक्यता असेल तर वडिलांचं किंवा आईचं नाव मधे लावा, पण जन्मदाखल्यापासून पासपोर्टपर्यंत एकच रूप ठेवा.

आडनावाचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. एकेरी नावाच्या पासपोर्टवर अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटन आणि भेटीचे व्हिसा देणं थांबवलं आहे. अमेरिकेच्या व्हिसावर अशा व्यक्तीच्या पहिल्या नावाच्या जागी ‘नाव माहीत नाही’ अशी इंग्रजी अद्याक्षरं छापून येतात आणि ती पुढे बँकेपासून वाहन परवान्यापर्यंत पाठ सोडत नाहीत.

आईच्या नावाचंही तितकंच महत्त्व. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा असतो. बाळाच्या दाखल्यावर आईचं नाव तिच्या चालू पासपोर्टवर आहे तसंच लिहा, घरात काहीही हाक मारत असोत. नाव बदलायचंच असेल तर ते बाळंतपणाआधी पासपोर्टवर बदलून घ्या.

सिंगापुरात स्थानिक जन्मनोंदीला ४२ दिवस मिळतात. घरचं एकमत त्याआधी होऊ द्या. बारशाची वाट पाहत बसलात आणि घाईत एक नाव देऊन टाकलंत, तर नंतरची दुरुस्ती दोन देशांच्या दप्तरांत करावी लागेल.

न्यू जर्सीहून प्रश्न: मुलगा इथे जन्मला म्हणजे अमेरिकन झाला. तरी भारतीय वकिलातीत नोंद करून भारतीय पासपोर्ट घेता येईल का? आम्ही चार-पाच वर्षांत परतणार आहोत.

कायद्याच्या कागदावर शक्य आहे, व्यवहारात जवळजवळ अशक्य. मुलाला अमेरिकन नागरिकत्व जन्मामुळे मिळालं आहे, तुम्ही मागून घेतलेलं नाही. त्यामुळे तेवढ्यावरून भारताचं दार बंद होत नाही. अट इतकीच की त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट नसावा. पण अमेरिकेचा कायदा सांगतो की अमेरिकन नागरिकाने देशात येताना आणि जाताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा. भारतीय पासपोर्टवर त्याला अमेरिकेचा व्हिसाही मिळणार नाही, कारण स्वतःच्या नागरिकाला कोणी व्हिसा देत नाही. म्हणजे एकदा भारतात आणलं की परत जाताना अडकायचं.

काहीजण हमीपत्र देऊन भारतीय पासपोर्ट घेतात आणि नंतर गुपचूप अमेरिकनही काढतात. हे करू नका. भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणाच्या वेळी पहिला प्रश्न येतो: इतकी वर्षं मूल तिथे कोणत्या व्हिसावर राहिलं? त्याला उत्तर नसतं, आणि खोटं हमीपत्र तुमच्या दोघांच्या सहीचं असतं.

म्हणून रूढ मार्ग असा: आधी अमेरिकन पासपोर्ट, मग ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं आजीव व्हिसासारखं कार्ड). सोळा वर्षांखालच्या मुलाच्या अमेरिकन पासपोर्टसाठी डीएस-११ फॉर्म लागतो, आई-वडील दोघांनी बाळासह प्रत्यक्ष हजर राहायचं, आणि तो पाच वर्षं चालतो. ओसीआयसाठी दोघांपैकी एकजण भारतीय नागरिक असला तरी मूल पात्र ठरतं. जन्मदाखल्याची आई-वडिलांची नावं असलेली मोठी प्रत घ्या, लहान प्रतीवर ती नसतात.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नाही, हे परतणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं. आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा, हवं तितकं वास्तव्य, पोलिसांकडे नोंदणीची गरज नाही, हे फायदे खरे आहेत. पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर वारसाने नाव लागू शकतं, खरेदीने नाही. शिक्षणात सर्वांत मोठा फरक पडतो: ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या प्रवेशांत ओसीआयधारकाला अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागांवरच प्रवेश मिळतो, फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही अधिसूचना त्या तारखेआधीच्या ओसीआयधारकांना लागू नसल्याचं सांगितलं, पण तुमच्या मुलाला त्याचा उपयोग नाही. मुलगा बारावीपर्यंत महाराष्ट्रातच शिकणार असेल तर ही अडचण आजच गृहीत धरा.

परतल्यावर कायमचं भारतातच राहायचं ठरलं, तर भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांना कलम ५(१)(ड) खाली नोंदणीने नागरिकत्व मिळू शकतं. त्यासाठी अमेरिकन नागरिकत्व सोडावं लागतं.

कार्ड मिळाल्यावर विसरू नका: वीस वर्षांपर्यंत प्रत्येक नवीन पासपोर्टनंतर त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या पोर्टलवर चढवायचा असतो. विसाव्या वर्षानंतरच्या पहिल्या पासपोर्टवर कार्ड एकदा नव्याने काढायचं.

लेस्टरहून प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा आहे. आम्ही वर्क व्हिसावर आहोत. भारतीय नोंद राहूनच गेली. आता काय?

ब्रिटनमध्ये ही चूक वारंवार होते, आणि त्याला कारण आहे. १ जानेवारी १९८३ पासून तिथे जन्मलेलं मूल आई किंवा वडील ब्रिटिश अथवा कायम वास्तव्याचे असतील तरच ब्रिटिश ठरतं. तुमचा मुलगा ब्रिटिश नाही. पण तो तिथेच राहतो आहे तोवर त्याला व्हिसा नसला तरी कोणी विचारत नाही. देशाबाहेर गेल्यावर परत येण्यासाठीच परवानगी लागते. त्यामुळे पहिल्या प्रवासापर्यंत पासपोर्टची आठवणच होत नाही आणि वर्ष उलटून जातं. आज तो कागदोपत्री कोणत्याच देशाचा नागरिक नाही.

अर्ज तोच, फॉर्म १. सोबत उशीर का झाला याचं दोघांच्या सहीचं निवेदन. उच्चायुक्तालय ते परवानगीसाठी केंद्र सरकारकडे पाठवतं. त्यात काही महिने जाऊ शकतात, म्हणून परवानगी हाती येईपर्यंत विमानाची तिकिटं काढू नका. निवेदनात कारण खरं आणि साधं लिहा. ‘नियम माहीत नव्हता’ हे कारण चालतं. मधल्या काळात बाळासाठी इतर कुठल्या देशाचं नागरिकत्व मागितलं नाही, हेही स्पष्ट लिहा. कागद जास्त जोडा: दोघांचे तेव्हाचे आणि आताचे व्हिसा, म्हणजे जन्माच्या दिवशी तुम्ही भारतीय नागरिक होता आणि कायदेशीरपणे तिथे होता हे दिसेल. ब्रिटिश जन्मदाखला पूर्ण स्वरूपाचा घ्या, छोट्या स्वरूपात आई-वडिलांची नावं नसतात.

काही सल्लागार सुचवतात की नोंद करूच नका, मूल देशहीन म्हणून पाच वर्षांनी ब्रिटिश होईल. २०१७ च्या एका न्यायालयीन निकालानंतर तसं काही काळ होत होतं. २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने ती वाट अरुंद केली: मूल दुसरं नागरिकत्व सहज मिळवू शकत असेल, तर देशहीन असल्याचा लाभ आता मिळत नाही. मुलाला कागदांशिवाय वाढवण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. तुम्हाला पुढे कायम वास्तव्य मिळालं, किंवा मुलाची जन्मापासूनची दहा वर्षं तिथे गेली, तर ब्रिटिश नोंदणीचे सरळ मार्ग आहेतच. ती नोंदणी केली की भारतीय पासपोर्ट परत करायचा.

म्युनिकहून प्रश्न: थोरलीचा भारतीय पासपोर्ट आहे. धाकट्याच्या वेळी नोंदणी कार्यालयाने तो जर्मन आहे असं सांगितलं. एकाच घरात असं कसं?

मधल्या काळात तुमचं वास्तव्य बदललं म्हणून. जर्मनीत परदेशी आई-वडिलांपैकी एकजण ठरावीक वर्षं कायदेशीर राहत असेल आणि त्याच्याकडे बेमुदत वास्तव्याचा परवाना असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन होतं. ही वर्षं आधी आठ होती, २७ जून २०२४ पासून पाच झाली. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, नोंदणी कार्यालय स्वतःच तपासून ठरवतं. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, भारत करत नाही. धाकट्यासाठी जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय हाच सरळ मार्ग. थोरलीच्या कागदांना हात लावायची गरज नाही.

मडगावहून प्रश्न: मुलगी भारतीय पासपोर्टवर इंग्लंडला आहे. जावई मूळ गोव्याचे, पोर्तुगीज पासपोर्टवर, आणि त्यांना तिथला सेटल्ड दर्जा (कायम वास्तव्याची परवानगी) आहे. नातवाचं काय?

जन्माच्या दिवशी जावयांकडे सेटल्ड दर्जा होता, तर नातू जन्मतःच ब्रिटिश आहे. प्री-सेटल्ड (मुदतीचा) दर्जा असता तर एवढ्यावरून तो ब्रिटिश ठरला नसता, म्हणून ती तारीख आधी तपासा. वडिलांकडून पोर्तुगीज नोंदही करता येते. भारतासाठी आई भारतीय असणं पुरेसं आहे, वडील भारतीय नसले तरी वर्षाच्या आत नोंद होऊ शकते. पण मग ब्रिटिश किंवा पोर्तुगीज कोणताच पासपोर्ट घेता येणार नाही. कुटुंब इंग्लंडमध्येच राहणार असेल तर ब्रिटिश पासपोर्ट आणि आईच्या आधारावर ओसीआय सोयीचं.

रत्नागिरीहून प्रश्न: मुलगी मस्कतला बाळंत झाली. जावई जहाजावर, सहा महिने येणार नाहीत. त्यांच्या सहीवाचून अडेल का?

अडायला नको. जहाज ज्या बंदरात लागेल तिथल्या भारतीय वकिलातीत, किंवा नोटरीसमोर त्यांनी संमतीपत्रावर सही करून पासपोर्टच्या प्रतीसह पाठवावं. तेही जमत नसेल तर पासपोर्टसाठी एका पालकाच्या संमतीशिवायचं अ‍ॅनेक्शर सी असतं. त्यात गैरहजेरीचं कारण लिहून कंपनीचं नेमणूकपत्र जोडावं. मात्र जन्मनोंदीच्या हमीपत्रावर दोघांच्या सह्या अपेक्षित असतात, म्हणून मस्कतच्या दूतावासाला आधी लिहून विचारून घ्या.

नाशिकहून प्रश्न: दोहात जन्मलेल्या मुलीला घेऊन आम्ही कायमचे परतलो. भारतीय पासपोर्ट आहे. महापालिकेचा जन्मदाखला काढावा लागेल का?

पासपोर्ट मिळाला आहे म्हणजे दूतावासात जन्मनोंद झालेली असणार. तिचं प्रमाणपत्र शोधा, शाळेसाठी तेच दाखवा. ते हरवलं असेल तर दोहाच्या दूतावासाकडून नक्कल मागवा.

दूतावासात नोंद झालीच नसेल, त्यांच्यासाठी जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम २०(२) मध्ये सोय आहे: कायमचं राहण्यासाठी परतलेल्या आई-वडिलांना मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत, ते इथेच जन्मल्यासारखी स्थानिक निबंधकाकडे नोंद करता येते. परदेशी दाखला आणि पासपोर्टवरचा प्रवेशाचा शिक्का सोबत न्या. ६० दिवसांनंतर विलंबित नोंदीचे नियम लागतात, आणि एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ पासून अशा विलंबित अर्जांची छाननी कडक झाली आहे. महापालिकेची ही नोंद जन्मदाखल्यापुरती आहे. नागरिकत्वासाठीची कलम ४ ची नोंद तिने भरून निघत नाही, ती वकिलातीमार्फतच करावी लागते.

टोरंटोहून प्रश्न: आमच्या मुलीची जन्मानंतर भारतीय नोंद केली होती, ती जन्माने कॅनडाचीही नागरिक आहे. कॅनडाचा पासपोर्ट काढलेला नाही. पुढच्या वर्षी १८ पूर्ण होतील. काही करावं लागतं का?

हो, आणि मुदत कमी आहे. कलम ४(१अ) नुसार अशा मुलीने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडलं नाही, तर तिचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी कोणाची नोटीस येत नाही. कॅनडाचं सोडायचं ठरलं तर तिथल्या प्रक्रियेला वेळ लागतो, आणि अर्ज सज्ञान व्यक्तीलाच स्वतः करता येतो, म्हणून कागदपत्रं अठरा पूर्ण होण्याआधीच जमवून ठेवा. कॅनडाचं ठेवायचं ठरलं तर सहा महिन्यांच्या आत भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या, कॅनडाचा पासपोर्ट काढा आणि त्यावर ओसीआयचा अर्ज करा. सरेंडर सर्टिफिकेटशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही.